सुपरक्रिटिकल अवस्थेत कॅटॅलिस्ट खरंच जास्त चांगला चालतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फिक्स्ड बेडमध्ये, म्हणजे कॅटॅलिस्टच्या गोळ्या भरलेल्या रिअॅक्टरमध्ये, पॅलेडियम धातूवर एका असंतृप्त कीटोनचं हायड्रोजनेशन चालतं, म्हणजे त्याच्या कार्बन-कार्बन दुहेरी बंधाला हायड्रोजन जोडला जातो. काही आठवड्यांत बेड थकतो, म्हणजे कॅटॅलिस्ट मंदावतो. कन्व्हर्जन (किती कच्चा माल बदलला ते प्रमाण) राखायला तापमान वाढवलं की दुहेरी बंधाबरोबर कार्बोनिललाही (कीटोनमधल्या कार्बन-ऑक्सिजन बंधाला) हायड्रोजन जोडला जातो आणि मालात अल्कोहोल वाढतं. नेहमीच्या सॉल्व्हंटऐवजी सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड (क्रांतिक बिंदूच्या, म्हणजे ठरावीक तापमान आणि दाबाच्या, वर नेलेला, ना धड वायू ना धड द्रव असा) घेतला तर कॅटॅलिस्टची कामगिरी सुधारेल का, आणि सुधारलीच तर नेमकी कशामुळे?

सुधारू शकते. पण या विषयावर जे लिहिलं-बोललं जातं त्यावरून असा समज होतो की क्रांतिक बिंदू ओलांडला की कॅटॅलिस्टच्या अंगात काही वेगळीच ताकद येते. तसं होत नाही. पॅलेडियमचा कण तोच राहतो. त्याच्यावर हायड्रोजन फुटण्याची आणि कीटोन चिकटण्याची तऱ्हाही बहुतेक वेळा तीच राहते. बदलतं ते त्या कणापर्यंत काय पोचतं, किती वेगानं पोचतं आणि तिथून काय धुऊन निघतं. तुमची अडचण या ये-जा करण्यात असेल तर फायदा डोळ्यांत भरेल. अडचण धातूच्या पृष्ठभागावरच असेल, म्हणजे गंधकाचं विष किंवा कणांचं एकमेकांत मिसळून मोठं होणं, तर पंप, चिलर आणि जाड भिंतीची पात्रं यांचा खर्च वाया जाईल.

सुरुवात घनतेपासून करू, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ३१ अंश सेल्सिअस आणि ७३.८ बार. ४० अंशांवर ८० बार दाबाला त्याची घनता घनमीटरला साधारण २८० किलो असते आणि १०० बारला ती ६३० च्या आसपास जाते. गेजवर काटा फक्त २० बारनं सरकला आणि सॉल्व्हंट दुपटीहून दाट झाला. १५० बारला ७८०, २०० बारला ८४०, म्हणजे पुढे वाढ मंदावते. आता दाब १०० बारच ठेवून तापमान ६० अंशांवर न्या, घनता पुन्हा २९० वर येते. म्हणून कोणी नुसतं ‘आम्ही १०० बारला चालवलं’ असं सांगितलं तर त्यातून काहीच कळत नाही. तापमान विचारा आणि घनता काढा. दाबाविरुद्ध रेटचे (प्रक्रियेच्या वेगाचे) आलेख कागदावर विचित्र वळणं घेतात, पण तेच घनतेविरुद्ध काढले की पुष्कळदा सरळ अर्थ लागतो.

आता हायड्रोजन. नेहमीच्या द्रवात तो फार कमी विरघळतो, आणि हायड्रोजनेशनमधल्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे. सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडमध्ये मात्र तो विरघळण्याचा प्रश्नच राहत नाही, दोन्ही पूर्णपणे मिसळतात. ५० अंशांवर ८५ बार हायड्रोजन आणि १२० बार कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण घेतलं तर हायड्रोजनची संहती लिटरला ३.२ मोल भरते. तितक्याच हायड्रोजन दाबाखाली टेट्राहायड्रोफ्युरान या द्रव सॉल्व्हंटमध्ये ती जेमतेम ०.४ मोल असते. १९९४ मध्ये नोयोरी, जेसप आणि इकारिया यांनी रुथेनियम-फॉस्फिन कॅटॅलिस्ट वापरून सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडचंच फॉर्मिक अॅसिड केलं. त्या कामात सॉल्व्हंट आणि कच्चा माल एकच होता, आणि रेट त्याच कॅटॅलिस्टच्या द्रव सॉल्व्हंटमधल्या रेटपेक्षा खूप वर गेला. कारणांमध्ये हायड्रोजनची ही मुबलकता मोठी होती.

दुसरा भाग डिफ्युजनचा. द्रवात रेणूचा डिफ्युजन गुणांक सेकंदाला १०⁻⁹ चौरस मीटरच्या घरात असतो, सुपरक्रिटिकल फ्लुइडमध्ये तो साधारण १०⁻⁸ ते १०⁻⁷. सच्छिद्र गोळीच्या आत याचा अर्थ काय होतो ते आकड्यांत बघा. समजा तुमच्या कॅटॅलिस्टचा थिएले मॉड्युलस (गोळीच्या आत डिफ्युजनच्या मानानं प्रक्रिया किती वेगवान आहे ते सांगणारा आकडा) द्रवात १० आहे, म्हणजे गोळीचा जेमतेम दहावा हिस्सा कामाला लागलाय आणि आतलं महागडं पॅलेडियम नुसतं बसून आहे. डिफ्युजन दसपट झालं की मॉड्युलस ३.२ वर येतो आणि कामाचा हिस्सा तिपटीच्या आसपास जातो. दसपट मिळाल्याचे दावे वाचायला मिळतात, पण पहिल्या ऑर्डरच्या (रेट संहतीच्या सरळ प्रमाणात असलेल्या) प्रक्रियेत नुसत्या डिफ्युजनमधून मिळणारी वाढ वर्गमुळाच्या हिशेबानंच येते. त्याहून जास्त दिसलं तर बाकीचं हायड्रोजनच्या संहतीतून किंवा वायू-द्रव सीमा नाहीशी झाल्यातून आलेलं असतं. उलट तुमचा कॅटॅलिस्ट एगशेल प्रकारचा असेल, म्हणजे धातू गोळीच्या बाहेरच्या पातळ थरातच असेल, तर आतल्या डिफ्युजनची अडचण आधीच सोडवलेली आहे आणि इथून फारसं हाती लागणार नाही.

निवडकतेचा, म्हणजे हवा तोच पदार्थ मिळण्याचा, धागाही इथेच जुळतो. गोळीच्या आत खोलवर तयार झालेला संतृप्त कीटोन बाहेर पडायला वेळ घेतो, आणि तेवढ्या वेळात त्याची गाठ पुन्हा हायड्रोजनशी पडते. बाहेरची वाट मोकळी झाली की हा दुसरा टप्पा कमी होतो. शिवाय रेट वाढल्यामुळे तेच कन्व्हर्जन कमी तापमानाला मिळतं, आणि तुमचं अल्कोहोल तर तापमान चढवल्यामुळेच वाढतंय.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण प्रत्यक्ष कारखान्यातलं आहे. इंग्लंडमधल्या कॉन्सेट गावी थॉमस स्वान या कंपनीनं नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या मार्टिन पोलियाकॉफ यांच्या गटाबरोबर २००२ मध्ये सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडमधला सतत चालणारा प्लँट सुरू केला. क्षमता वर्षाला १,००० टन. पहिली मोठी प्रक्रिया होती आयसोफोरोनपासून ट्रायमिथाइलसायक्लोहेक्झानोन, पॅलेडियमवर. तुमच्यासारखाच पेच: हायड्रोजन फक्त दुहेरी बंधाला जोडायचा, कार्बोनिलला हात लावायचा नाही. आयसोफोरोन, हवा असलेला कीटोन आणि नको असलेलं अल्कोहोल यांचे उत्कलनबिंदू इतके जवळजवळ आहेत की नंतर डिस्टिलेशननं वेगळं करणं महागात जातं. म्हणून निवडकता रिअॅक्टरमध्येच मिळवायची होती, आणि ती मिळाली. तांत्रिकदृष्ट्या प्लँट चालला, पण नेहमीच्या पद्धतीनं बनलेल्या मालाशी किमतीत स्पर्धा करताना तो टिकला नाही. माझ्या मते या विषयातला सगळ्यात उपयोगी धडा हाच आहे आणि तो पाठ्यपुस्तकांत फारसा येत नाही. रसायनशास्त्र बरोबर असूनही कॉम्प्रेशन, रीसायकल आणि उच्च दाबाच्या पात्रांचा खर्च उत्पादनाच्या किलोमागे बसवावा लागतो. माल जितका स्वस्त, तितकं हे गणित अवघड.

त्याच कामातून आणखी एक गोष्ट दिसली: आयसोफोरोनचं प्रमाण वाढवून मिश्रण एकच फेज (एकजीव, थर न पडलेलं) राहिलं नाही तरी प्रक्रिया चांगली चालू शकते. यावरून सुपरक्रिटिकल म्हणजे नक्की कोण सुपरक्रिटिकल, हा प्रश्न उभा राहतो.

३१ अंश आणि ७३.८ बार हे आकडे शुद्ध कार्बन डायऑक्साइडचे. तुमच्या बेडमध्ये शुद्ध कार्बन डायऑक्साइड नसतो. त्यात हायड्रोजन मिसळला की एक फेज राखायला लागणारा दाब वर सरकतो, आणि जड कीटोन घातला की तापमान-दाबाची सगळी रेषाच हलते. नीलम काचेच्या खिडकीचा व्ह्यू सेल मिळाला तर हे डोळ्यांनी बघा. शुद्ध कार्बन डायऑक्साइड २५ अंशांवर दोन थरांत असतो, मधली रेघ स्पष्ट दिसते. सावकाश तापवत गेलं की रेघ फिकट होते, ३१ अंशांच्या जवळ सगळा सेल गढूळ, तपकिरी-नारिंगी होतो आणि मग एकदम निवळतो. आता त्यात कीटोन घाला आणि हायड्रोजन चढवत न्या. एका दाबाला काचेवर धुकं धरतं आणि तळाशी तेलकट थेंब जमतात. गेजवरचा दाब सुपरक्रिटिकलच्या कितीतरी वर असतो, तरी आत दोन फेज असतात. हायड्रोजन वाढवला आणि रेट पडला, अशी कोड्यात टाकणारी निरीक्षणं बरेचदा या थेंबांनी सुटतात: सबस्ट्रेट, म्हणजे कीटोन, तळाशी बसलाय आणि बेडवरून जाणाऱ्या फ्लुइडमध्ये तो उरलेलाच नाही. कधी उलटही होतं. थेंब कॅटॅलिस्टवरच पसरतात, त्यांत विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडनं ते पातळ झालेले असतात, आणि रेट वाढतो. म्हणून ‘एकच फेज हवी’ हा नियम म्हणून धरू नका. नेमक्या किती फेज आहेत हे माहीत असणं मात्र टाळता येणार नाही.

घनता वाढवत नेणंही कायम फायद्याचं नसतं. बॅच ऑटोक्लेव्हमध्ये (एकदाच भरून बंद करायच्या दाबाच्या पात्रात) कीटोन आणि हायड्रोजन तेवढेच ठेवून नुसता कार्बन डायऑक्साइड भरत गेलात तर एका टप्प्यापुढे मिश्रण एकजीव झालेलं असतं आणि पुढचा प्रत्येक बार सबस्ट्रेटला पृष्ठभागावरून ओढून सॉल्व्हंटमध्ये ठेवतो. रेट शिखर गाठून उतरतो. फ्लो रिअॅक्टरमध्ये आणखी एक गोंधळ होतो: पंपाचा वस्तुमान-प्रवाह तोच, पण घनता बदलली की बेडमधला मुक्कामाचा वेळ बदलतो. तो हिशेबात न घेता दोन दाबांच्या कन्व्हर्जनची तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या प्रक्रियांची तुलना करणं.

आता बेड थकण्याबद्दल, कारण तुमची खरी तक्रार ती आहे. या बाजूनं सुपरक्रिटिकल माध्यमाचं काम खूप जुनं आणि भक्कम आहे. १९८१ मध्येच म्युनिकच्या टिल्टशर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कोक (कार्बनचा थर) बसून मंदावलेला कॅटॅलिस्ट १-हेक्झिनच्या आयसोमरायझेशनमध्ये (रेणूतले अणू तेच, पण मांडणी बदलते त्या प्रक्रियेत) दाब वाढवून सुपरक्रिटिकल अवस्थेत नेला की पुन्हा कामाला लागतो. पुढे कॅन्सस विद्यापीठात बाला सुब्रमण्यम यांच्या गटानं अॅल्युमिनावरच्या प्लॅटिनमवर हीच प्रक्रिया नीट उलगडली. हेक्झिनचा क्रांतिक बिंदू २३१ अंश आणि सुमारे ३२ बार, आणि त्यांचं काम त्याच्या थोडं वर होतं. कोक एकदम बसत नाही. आधी दोन-तीन हेक्झिन जुळून ऑलिगोमर होतात, ते छिद्रांत रेंगाळतात, हायड्रोजन गमावतात आणि मग घट्ट काळा थर होतो. फ्लुइड वायूसारखं विरळ असेल तर ऑलिगोमर विरघळत नाहीत आणि जागीच राहतात. फ्लुइड द्रवासारखं दाट असेल तर ते विरघळतात, पण छिद्रातून बाहेर यायला फार वेळ लागतो. क्रांतिक बिंदूच्या आसपास एक पट्टा असा सापडतो की तिथे विरघळवण्याची ताकदही पुरेशी असते आणि बाहेर येण्याचा वेगही. कॅटॅलिस्टचं आयुष्य त्या पट्ट्यात सगळ्यात चांगलं राहतं.

एक गोष्ट ध्यानात घ्या: हे धुणं कोकच्या पूर्वजांपुरतंच आहे. एकदा थर कडक झाला की कुठलाही सुपरक्रिटिकल सॉल्व्हंट तो काढत नाही, त्याला हवेनं जाळण्यावाचून उपाय नाही. त्यामुळे थकलेल्या बेडवरून मधूनमधून सुपरक्रिटिकल फ्लुइड फिरवण्यापेक्षा पहिल्या तासापासून तसंच चालवणं फायद्याचं.

याच गटाच्या कामातला दुसरा निष्कर्ष मला त्याहून मोलाचा वाटतो. हेक्झिनच्या फीडमध्ये साठवणुकीत तयार झालेले थोडे पेरॉक्साइड होते आणि ऑलिगोमर तयार करण्यात त्यांचा मोठा हात होता. फीड अॅल्युमिनाच्या छोट्या बेडवरून नेऊन पेरॉक्साइड काढले, की मंदावणं बरंच कमी झालं. म्हणजे ज्याचं श्रेय किंवा दोष आपण माध्यमाला देतो, त्यातला काही भाग ड्रमच्या झाकणाखालचा असतो.

कार्बन डायऑक्साइडला निष्क्रिय सॉल्व्हंट म्हणायची पद्धत आहे. हायड्रोजन आणि धातू दोन्ही हजर असताना ते खरं नाही. प्लॅटिनम गटातल्या धातूंवर हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळून थोडा कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी तयार होतं, आणि मोनॉक्साइड त्याच धातूच्या जागा अडवून बसतो. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात बाइकर यांच्या गटाला हे स्पष्ट दिसलं: सिंकोनिडीन हे वनस्पतीजन्य संयुग लावलेल्या प्लॅटिनमवर इथाइल पायरुव्हेटचं असममित (आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन रूपांपैकी एकच जास्त देणारं) हायड्रोजनेशन सुपरक्रिटिकल इथेनमध्ये टोल्युइनपेक्षा बरंच लवकर पुरं झालं, पण कार्बन डायऑक्साइडमध्ये कॅटॅलिस्ट मंदावला. दोन्ही माध्यमांचं क्रांतिक तापमान जवळजवळ सारखंच आहे, इथेनचं ३२ अंश. फरक पडला तो रसायनशास्त्रामुळे. हा त्रास धातू, त्याचा आधार आणि तापमान यांनुसार कमीजास्त होतो. पॅलेडियम आहे म्हणून निर्धास्त राहू नका, व्हेंट गॅसमध्ये मोनॉक्साइड मोजा. प्लँटवर हे काम साध्या इन्फ्रारेड अॅनलायझरनं होतं.

अमाइन असतील तर ते कार्बन डायऑक्साइडशी जुळून कार्बामेट होतात. कधी पाइप चोंदतो, तर कधी हेच कामाला येतं: नायट्राइलच्या हायड्रोजनेशनमध्ये तयार झालेलं प्राथमिक अमाइन असं झाकलं गेलं की ते पुढे दुय्यम अमाइनमध्ये जात नाही. आणि फीडमध्ये पाणी असेल तर त्या पाण्याचा पीएच ३ च्या जवळ उतरतो. अॅल्युमिनाचा आधार आणि साधं कार्बन स्टील दोघांनाही ते मानवत नाही.

कार्बन डायऑक्साइडचा दुसरा तोकडेपणा म्हणजे तो जड, तेलकट रेणू नीट विरघळवत नाही. म्हणूनच स्वीडनमध्ये हॅरोड आणि मोलर यांनी तेलांच्या हायड्रोजनेशनसाठी प्रोपेन घेतला, क्रांतिक बिंदू ९७ अंश आणि ४२.५ बार. तेल आणि हायड्रोजन दोन्ही त्यात एकजीव होतात, कॅटॅलिस्टजवळ हायड्रोजनचा दुष्काळ राहत नाही, रेट शेकडो पट वाढतो आणि ट्रान्स फॅटही आटोक्यात ठेवता येतं. पण टनावारी दाबाखालचा प्रोपेन म्हणजे सुरक्षेचं वेगळंच प्रकरण. फिशर-ट्रॉप्शमध्ये (कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून इंधन आणि मेण बनवण्याच्या प्रक्रियेत) सुपरक्रिटिकल हेक्झेननं मेण छिद्रांतून बाहेर काढलं आणि बेडमधली उष्णताही वाहून नेली. त्याचं टोकियोतलं काम १९८० च्या दशकाअखेरचं आहे. पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) सी. व्ही. रोडे आणि सहकाऱ्यांनी जपानी गटाबरोबर २००३ मध्ये कार्बनवरच्या ऱ्होडियमवर फिनॉलच्या रिंगचं हायड्रोजनेशन सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडमध्ये केलं. फिनॉल किंवा नॅप्थॉलवर काम असेल तर ते नक्की वाचा.

उष्णतेचा उल्लेख आलाच आहे, तर तुमच्यासाठी तो महत्त्वाचा आहे. दुहेरी बंधाच्या हायड्रोजनेशनमध्ये मोलमागे साधारण १२० किलोजूल सुटतात. क्रांतिक बिंदूजवळ फ्लुइडची विशिष्ट उष्णता अचानक उसळी घेते, त्यामुळे तेवढीच उष्णता पोटात घेऊनही तापमान कमी वाढतं. बेडमधला हॉट स्पॉट मऊ पडतो आणि अल्कोहोलही कमी होतं. फक्त त्या अरुंद पट्ट्यात नियंत्रण फार नाजूक असतं. दोन-चार अंश इकडेतिकडे झाले की घनता, मुक्कामाचा वेळ आणि विद्राव्यता तिन्ही एकदम हलतात. कारखान्यात मी त्या पट्ट्यापासून थोडं दूर, जरा जास्त दाबाला राहणं पसंत करेन. संशोधन-लेखातलं शिखर आठ तासांच्या शिफ्टमध्ये धरून ठेवता येतंच असं नाही.

सुपरक्रिटिकल पाण्याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही, म्हणून एवढंच: ३७४ अंश आणि २२१ बारला गॅमा अॅल्युमिना आधार म्हणून टिकत नाही. तिथे झिर्कोनिया किंवा रुटाइल टायटॅनिया लागतो, आणि क्षार विरघळेनासे होऊन बेडवरच साचतात.

चाचणी करायचीच ठरवलीत तर आपल्याकडच्या हवामानाचा विचार आधी करा. मे महिन्यात तारापूर किंवा महाडच्या शेडमध्ये पारा ३१ च्या वर असतो, म्हणजे सायफन ट्यूबच्या (तळातून द्रव काढणारी नळी असलेल्या) सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड द्रव उरलेलाच नसतो. पंप रिकामा फिरतो, फ्लो मीटर नाचतो आणि ऑपरेटर पंपाचे व्हॉल्व्ह उघडत बसतो. सिलिंडर सावलीत ठेवा, सक्शन लाइन आणि पंपाचं डोकं चिलरनं ५ अंशांच्या खाली ठेवा. बॅक प्रेशर रेग्युलेटर (रिअॅक्टरनंतरचा, आतला दाब राखणारा व्हॉल्व्ह) गरम ठेवा, नाहीतर फुगताना थंड होऊन तिथेच शुष्क बर्फ आणि माल दोन्ही अडकतात. दाब सावकाश उतरवा, कारण ओ-रिंगच्या रबरात मुरलेला कार्बन डायऑक्साइड झटक्यात सुटला की रिंगवर फोड येतात आणि पुढच्या वेळी ती गळते. आणि रिग बंद खोलीत असेल तर कार्बन डायऑक्साइडचा अलार्म जमिनीलगत लावा, तो हवेपेक्षा जड असतो.

पण थेट १५० बारवर उडी मारण्याआधी मधली पायरी करून बघा. तुमच्या सध्याच्याच सॉल्व्हंटमध्ये ४०-५० बार कार्बन डायऑक्साइड विरघळवा. मिथेनॉल, अॅसिटोन, इथाइल अॅसिटेट असे सॉल्व्हंट यात चांगले फुगतात, पातळ होतात आणि हायड्रोजन जास्त घेतात. पाणी आणि जड तेलं जवळजवळ फुगत नाहीत. दाब निम्म्याहून कमी लागतो आणि डिफ्युजनचा बराचसा फायदा पदरात पडतो. इथे रेट हललाच नाही तर पूर्ण सुपरक्रिटिकल अवस्थेतही तो फारसा हलेल असं मला वाटत नाही.

त्याहीआधी दोन गोष्टी तपासून कळवा: फीडमधला पेरॉक्साइड किती, आणि बेड उपसताना तोंडाकडच्या व तळाकडच्या गोळ्यांवर कार्बन किती टक्के आहे. कार्बन कमी आणि गंधक जास्त निघालं तर चिलरची चौकशी थांबवा आणि गार्ड बेडच्या (कॅटॅलिस्टच्या आधी गंधक अडवणाऱ्या बेडच्या) कोटेशनला लागा.